दात दिसणे

पहिल्या दिवशी मी लिहिलं : बिजली उदास आहे.
कौसर मॅडमनी 'उदास'भोवती लाल गोल काढला.
हे तुला कुठं दिसलं? बोट ठेवून दाखव.
मी जाळीकडं बोट केलं.
बोट हवेतच राहिलं.

दर तीस सेकंदांनी एक खूण.
बसली. उठली. भिंतीकडं पाठ.
डावा हात उजव्या खांद्यावर, बोटं केसांत काहीतरी शोधत
('शोधत' खोड. बोटं हलतायत, एवढंच.)

परभणीला, कॉलेजच्या मागं,
लाल कंधारी वळूंच्या गोठ्याला लागून ही पत्र्याची शेड.
सर्कशींवर बंदी आली तेव्हा
दोन महिन्यांसाठी म्हणून उतरवलेले दोन चिंपांझी :
बिजली आणि रुस्तम.
हा तिसरा उन्हाळा.
दुपारी पत्रा तापून तडतडतो,
वळू गप्प होतात, स्टॉपवॉच हाताला चटका देतं.

पंधरा दिवसांत माझी विशेषणं गळाली.
उदगीरला आईला धाडलेल्या पत्रातूनसुद्धा :
जेवते. सहा तास झोपते. खोलीत पंखा आहे, लाईट नसते.
आईचं उत्तर आलं : बाई, तू रुसलीस का?

लिंबाजीमामांना लिहिता येत नाही.
बसमतची केळी मोजता मोजता ते म्हणाले,
'चारच्या पुढं बगा, डुलायलीय ती.
टँकर मागं घेताना भोंगा वाजतंय नव्हं?
तिला वाटायलंय, खेळ सुरू झाला.'
'वाटायलंय' मनातल्या मनात खोडलं,
आणि तीन आठवड्यांचे तक्ते काढून बसले.
चार पाच. चार दहा. चार आठ.
डुलणे, डुलणे, डुलणे.
टँकर आलाच नाही त्या मंगळवारी
रकाना कोरा.

भोंग्यासाठी माझ्या तक्त्यात जागाच नव्हती.
मॅडमनी पट्टी घेऊन एक उभी रेघ मारली.
निरीक्षक म्हणून मामांचं नाव घालू का, मी विचारलं.
विचारतेस काय, म्हणाल्या.

'दात दिसणे' हा सातवा रकाना.
मे संपताना एकदा बिजलीनं माझ्याकडं तोंड करून
ओठ मागं ओढले, वरचे-खालचे सगळे दात.
मी लिहिलं : हसली!
उद्गारचिन्हासकट.
या वेळी मॅडमनी लाल पेन काढलंच नाही.
तुझ्या मागं कोण उभं होतं?
गोठ्यातला नवा गडी. हातात काठी.
'भ्यालं की तोंड असं होतं त्यांचं.'
भीती कुठं दिसली, असं मी त्यांना विचारलं नाही.

जालना. मोंढ्यामागचं मैदान.
मी सात वर्षांची, मामाच्या मांडीवर, पुढच्याच रांगेत.
गुलाबी झगा घातलेली, तीनचाकीवरची एक
आमच्यासमोर थांबली आणि सगळे दात दाखवले.
बिजलीच होती की दुसरी कुणी, माहीत नाही. नोंद नाही.
मामा म्हणाला, बघ, तुला हसतेय.
मी टाळ्या वाजवल्या.
तिनं अजून दाखवले.
मी अजून वाजवल्या.

रात्री लोडशेडिंगमध्ये, मेणबत्तीशी,
एक कोरा तक्ता घेतला.
स्थळ : जालना.
निरीक्षक : वय सात.
दात दिसणे : होय.
कालावधी : टाळ्या थांबेपर्यंत.
'इतर'मध्ये पेन टेकवून इतका वेळ बसले
की शाई खालच्या पानावर उतरली.

सकाळी सव्वानऊला
बिजली जाळीशी येऊन बसली.
माझ्याकडं बघितलं, मग पेनाकडं,
मग परत माझ्याकडं.
मला हसू येत होतं, खरंच येत होतं.
मी ओठ घट्ट मिटून घेतले.
तीस सेकंद गेले, साठ गेले,
खूण करायची राहून गेली.